शेंबूड, चीक आणि पियुषिका

केळशीच्या वाडीत गाय व्याली की पहिल्या धारांचा चीक शेजारीपाजारी जातो. पिवळसर, दाट, बोटाला चिकटणारा. गूळ, वेलची, जायफळ घालून वाफवला की खरवस. या नव्या दुधाला संस्कृतात पीयूष म्हणतात; अमरकोशात हा अर्थ आहे. दुसरा अर्थ अमृत. (उपाहारगृहातलं श्रीखंडी पियुष हे या घराण्यातलं शेंडेफळ.) मेंदूच्या तळाशी लोंबणाऱ्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीचं पियुषिका हे नावही याच घराण्यातलं.

युरोपातलं तिचं कूळ इतकं सोवळं नाही. लॅटिनमध्ये ‘पिट्युइटा’ म्हणजे कफ, स्पष्टच बोलायचं तर शेंबूड. मेंदूतला मळ इथून नाकात उतरतो, असं ग्रीक वैद्य गॅलेन मानी. १५४३मध्ये शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेसॅलियसनेही तेच धरून नाव दिलं. समजूत गेली, पिट्युटरी राहिली.

मराठी नाव ठेवणाऱ्यांच्या मनात बहुधा अमृतच असावं. पण नेमका बसला तो चीक! १९२८मध्ये स्ट्रासबुर्गला स्ट्रिकर आणि ग्रूटर यांनी या ग्रंथीचा अर्क सशाच्या माद्यांना टोचला, तर त्यांना दूध आलं. त्यातल्या संप्रेरकाला पुढे प्रोलॅक्टिन म्हणू लागले. ते अतोनात सोडणारी गाठ पियुषिकेत झाली, की बाळंतपण नसताना दूध येतं, पाळी थांबते, वजनही चढू शकतं.

पियुषिकेतल्या गाठी सहसा कॅन्सरच्या नसतात, पण त्यांतल्या काही साखरेचा हिशेब बिघडवतात. गाठीमुळे वाढीचं संप्रेरक जास्त झालं की इन्सुलिनचं काही चालेनासं होतं. अंगठी बोटात अडते, चपलेचा नंबर वाढतो. पिएर मारीने १८८६मध्ये या रोगाला अ‍ॅक्रोमेगली म्हटलं. निदानही साखरेनेच: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजायचं. निरोगी माणसात हे संप्रेरक खाली येतं, इथे येत नाही. कुशिंगच्या रोगात पियुषिकेतल्या गाठीमुळे कॉर्टिसॉल वाढतं. पोट सुटतं, हातपाय काटक्या होतात, रक्तदाब आणि साखर दोन्ही चढतात. साखरेशी असलेलं या ग्रंथीचं नातं अर्जेंटिनाच्या हौसाय यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून उलगडलं. १९४७च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

प्रोलॅक्टिनच्या गाठीला बहुधा सुरी लागत नाही. गोळ्यांनी ती आक्रसते, दूध आटतं. त्यांतल्याच ब्रोमोक्रिप्टिनला २००९मध्ये अमेरिकेत टाइप २ मधुमेहासाठीही मान्यता मिळाली.