सैन्यातून अपंग होऊन परतलेल्यांची पेन्शन : हक्क कसा ठरतो, कुठे अडतो

दरवर्षी १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या जयस्तंभाला मानवंदना द्यायला लाखोंचा समुदाय येतो. त्यातले अनेक जण पुढे वढू बुद्रुकला जाऊन छत्रपती संभाजी महाराज आणि गोविंद गोपाळ यांच्या समाधीवर नतमस्तक होतात. या गर्दीत पदके लावलेले महार रेजिमेंटचे माजी सैनिकही असतात. त्यांच्यासोबत आपण फोटो काढतो, पदकांबद्दल विचारतो. त्यांच्या डिस्चार्ज बुकात काय लिहिले आहे, हे मात्र सहसा विचारत नाही. सैन्यात गुडघा गेला, पाठ गेली, कानाने ऐकू येईनासे झाले किंवा मन खचले म्हणून घरी पाठवलेल्या माणसाला आयुष्यभराची पेन्शन मिळणार की नाही, हे त्या कागदावरच्या दोन-तीन शब्दांवर ठरते.

जयस्तंभाच्या इतिहासात जखमींचाही वाटा आहे. १८१८ च्या लढाईत कंपनीच्या ८३४ जणांपैकी २७५ जण ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. स्तंभावर कोरलेल्या ४९ मृतांपैकी २२ नावे ‘नाक’ प्रत्ययाची, म्हणजे महार सैनिकांची मानली जातात. लढण्यास असमर्थ झालेल्या शिपायांना कंपनी सरकार ‘इन्व्हॅलिड पेन्शन’ देत असे. गावकीच्या मर्जीवर, बलुत्यावर किंवा वतनावर अवलंबून नसलेले हे रोख उत्पन्न होते, आणि आपल्या चळवळीच्या इतिहासात त्याचे मोल फार मोठे आहे. १८८६ मध्ये सैन्यातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर असोत की १८९४ मध्ये निवृत्त होऊन दापोलीत राहायला आलेले सुभेदार रामजी सकपाळ, दोघेही पेन्शनर. १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली तेव्हा विनंतीपत्र लिहायला वलंगकर पुढे आले. १९१० मध्ये पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनीही अर्ज केला. भरतीची दारे पुन्हा नीट उघडायला १ ऑक्टोबर १९४१ उजाडावा लागला. त्या दिवशी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली.

आजचा कायदा काय पाहतो

अमेरिकेत माजी सैनिकांसाठी ‘कायमस्वरूपी आणि संपूर्ण अपंगत्व’ असा एक शिक्का असतो. आपल्याकडे तसे नाही. येथे तीन प्रश्न वेगवेगळे विचारले जातात. अपंगत्व सेवेमुळे आले का, किंवा सेवेमुळे वाढले का? ते किती टक्के आहे? आणि ते किती काळासाठी आहे? पहिल्याचे उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचे २० टक्के किंवा अधिक असेल, तर अपंगत्व पेन्शनचा हक्क येतो. तिसऱ्याचे उत्तर ‘आजीवन’ असे लिहिलेले असेल, तर पुन्हा पुन्हा तपासणीला जावे लागत नाही.

या पेन्शनचे दोन भाग असतात. एक सेवेचा भाग. अपंगत्वामुळे मुदतीआधी सेवेतून काढलेल्या जवानाला तो सेवा कितीही कमी असली तरी मिळतो. दुसरा अपंगत्वाचा भाग. संपूर्ण म्हणजे १०० टक्के अपंगत्वाला तो शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, आणि टक्केवारी कमी असेल तर त्या प्रमाणात कमी. लढाईत किंवा लष्करी कारवाईत जखम झाली असेल तर ‘युद्ध जखम पेन्शन’ लागू होते आणि दर बराच वाढतो : पूर्ण मुदत करून निवृत्त झालेल्याला १०० टक्क्यांसाठी वेतनाच्या ६० टक्के, मुदतीआधी काढलेल्याला १०० टक्के.

इथे एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते, आणि तिच्यात पैसा आहे. पाचव्या वेतन आयोगानंतर १ जानेवारी १९९६ पासून टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेली जाते. ५० पेक्षा कमी असेल तर ५०, ५० ते ७५ असेल तर ७५, त्यावर असेल तर १००. सैनिक याला ‘ब्रॉड बँडिंग’ म्हणतात. समजा शेवटचे वेतन ४०,००० रुपये आणि अपंगत्व ३० टक्के. जुन्या हिशेबाने अपंगत्वाचा भाग ३,६०० रुपये, ब्रॉड बँडिंगने ६,००० रुपये. सरकार हा लाभ फक्त मुदतीआधी काढलेल्यांना देत होते. १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्यांनाही मान्य केला. त्याआधी निवृत्त झालेल्या जवानाचा पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश एकदा वाचून पाहावा. त्यावर आजही ‘२० टक्के’ किंवा ‘३० टक्के’ याच हिशेबाने रक्कम असेल, तर ती वाढवून मागता येते.

१०० टक्के अपंग असलेल्या आणि सतत सोबतीची गरज असलेल्या माजी सैनिकाला परिचर भत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर तो महिना ६,७५० रुपये ठरला, आणि महागाई भत्त्यात ५० टक्क्यांची भर पडली की त्यात २५ टक्के वाढ होते. मात्र वैद्यकीय मंडळाने परिचराची शिफारस लिहिलेली हवी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची बायको किंवा सून वर्षानुवर्षे सगळे करते आणि या भत्त्याचे नावही घरात कुणी ऐकलेले नसते.

‘सेवेशी संबंध नाही’ हा शेरा

बहुतेक दावे याच शेऱ्यावर पडतात. मंडळ लिहिते की आजार सेवेमुळे आला नाही आणि सेवेमुळे वाढलाही नाही. मानसिक आजार, अपस्मार, रक्तदाब, मधुमेह यांच्यासमोर ‘मूळ प्रकृतीचा दोष’ असे लिहून फाइल बंद केली जाते. भरतीच्या वेळी धावून, छाती मोजून, डोळे-कान तपासून ज्याला पूर्ण तंदुरुस्त म्हणून घेतले, त्याचा दोष आठ-नऊ वर्षांनी अचानक जन्मजात कसा ठरतो?

नेमका हाच प्रश्न धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात आला. ते १९८५ मध्ये सिग्नल कोरमध्ये शिपाई म्हणून भरती झाले. १९९४ मध्ये झटके येण्याच्या आजारामुळे त्यांना २० टक्के कायमस्वरूपी अपंगत्व लिहून घरी पाठवले गेले आणि पेन्शन नाकारली गेली. २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असे गृहीत धरायचे. आजार सेवेमुळे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, जवानाची नाही. शिवाय मंडळाने कारणे लिहिली पाहिजेत. शेरा मारला आणि सही केली, एवढ्याने भागत नाही. पुढे २०१४ च्या सुखविंदर सिंग निकालात न्यायालय आणखी पुढे गेले : अपंगत्वामुळे सेवेतून काढले असेल, तर ते २० टक्क्यांहून अधिक होते असेच मानायचे.

हे निकाल सगळ्यांना वाचवत नाहीत. सुट्टीवर गावी आल्यावर मोटरसायकलवरून पडून मोडलेला पाय सहसा सेवेशी जोडला जात नाही. सेवेशी कारणाचा धागा दाखवावा लागतो. तसेच २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे पात्रता नियम लागू आहेत. त्यांत काहींसाठी ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ असा नवा प्रकार आला आहे. त्या तारखेआधी सेवेतून बाहेर पडलेल्यांना जुने नियमच लागू राहतात, म्हणून प्रथम सेवामुक्तीची तारीख पाहावी.

ज्यांचे अपंगत्व खरोखरच सेवेशी जोडता येत नाही, त्यांच्यासाठी ‘इन्व्हॅलिड पेन्शन’ हे कंपनीच्या काळापासूनचे नाव अजून चालू आहे. पूर्वी त्यासाठी १० वर्षांची सेवा लागत असे. १६ जुलै २०२० च्या आदेशाने, लष्करी सेवेसाठी आणि बाहेरच्या नोकरीसाठीही कायमचा असमर्थ ठरलेल्या जवानाला १० वर्षांपेक्षा कमी सेवेवरही ती मिळू शकते. अट अशी की ४ जानेवारी २०१९ रोजी किंवा त्यानंतर तो सेवेत असावा.

उशीर झाला असेल तर

तरसेम सिंग यांना १९८३ मध्ये सेवेतून काढले गेले आणि ते १६ वर्षांनी न्यायालयात गेले. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की पेन्शन न देणे हा दर महिन्याला नव्याने घडणारा अन्याय आहे, त्यामुळे दावा उशिरा केला म्हणून तो मरत नाही. थकबाकी मात्र अर्ज करण्याआधीच्या तीन वर्षांचीच मिळेल. म्हणजे जितके वर्ष घरात बसू तितके वर्ष कायमचे बुडते. दुसरा धोका कागदांचा. पेन्शन न मिळालेल्या सैनिकांची सेवा कागदपत्रे २५ वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहे. १९९० च्या दशकाच्या शेवटी किंवा २००० नंतर घरी पाठवलेला कुणी ओळखीत असेल, तर पहिला अर्ज त्याच्या रेकॉर्ड ऑफिसला, माहितीच्या अधिकाराखाली वैद्यकीय मंडळाच्या पूर्ण कार्यवाहीची प्रत मागणारा असावा. महार रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशात सागर येथे आहे.

दावा नाकारल्याचे पत्र आले की सहा महिन्यांत पहिले अपील, तेही फेटाळले तर दुसरे अपील, आणि मग सशस्त्र दल न्यायाधिकरण. महाराष्ट्रासाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. शिरूर किंवा दौंडच्या माणसाने सुरुवात पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून करावी. एका गोंधळापासून सावध राहावे : ससूनसारख्या सरकारी रुग्णालयाचे दिव्यांग प्रमाणपत्र वेगळे आणि लष्करी वैद्यकीय मंडळाची टक्केवारी वेगळी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील ४० टक्क्यांच्या प्रमाणपत्रावर नागरी सवलती मिळतात, लष्करी पेन्शन मिळत नाही. मात्र माजी सैनिकाने दोन्ही घ्यायला हरकत काहीच नाही.

पुण्यात लष्करी पुनर्वसनाच्या जुन्या संस्था आहेत. खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ ची, कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चे, खडकीचेच पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ चे. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक घेऊन आले. पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडले. त्यांच्यावर चित्रपट निघाला हे चांगलेच झाले, पण प्रत्येक जखमी सैनिकाला सुवर्णपदक जिंकून दाखवावे लागू नये.

भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी

पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या मुलांनी हे भरतीआधीच समजून घ्यावे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांच्या अग्निवीराला नियमित पेन्शन नाही, आणि वर सांगितलेली आजीवन अपंगत्व पेन्शनही नाही. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाला एकरकमी भरपाई आहे : १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ टक्क्यांना २५ लाख, ५० टक्क्यांना १५ लाख रुपये. त्याशिवाय उरलेल्या काळाचे वेतन आणि सेवा निधी. वीस-एकवीस वर्षांच्या मुलाचा कणा मोडला तर पुढची चाळीस-पन्नास वर्षे ४४ लाखांत काढायची, असा हा हिशेब आहे. म्हणून प्रशिक्षणात पडले, मार लागला, तर ‘किरकोळ आहे’ म्हणून सोडू नये. इंज्युरी रिपोर्ट लिहून घ्यावा, त्यावर ‘ड्युटीवर असताना’ अशी नोंद आहे का ते पाहावे आणि प्रत घरी पाठवावी.

घरच्यांसाठीही एक नोंद. अपंगत्व पेन्शन घेणारा सैनिक त्याच अपंगत्वामुळे वारला, तर पत्नीला विशेष कुटुंब पेन्शन मागता येते. तिचा दर वेतनाच्या ६० टक्के, साध्या कुटुंब पेन्शनचा ३० टक्के. त्यासाठी मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात त्या आजाराचे किंवा जखमेचे नाव यावे लागते. डॉक्टरांनी घाईत ‘हृदयक्रिया बंद पडून’ एवढेच लिहिले, तर पुढे संबंध दाखवणे अवघड जाते. रुग्णालयात सोबत असलेल्या कार्यकर्त्याने डिस्चार्ज बुकाची आणि मंडळाच्या कार्यवाहीची झेरॉक्स डॉक्टरांपुढे ठेवावी आणि मूळ कारण लिहिण्याची विनंती तिथल्या तिथे करावी.