पगार कधी व्हायचा? : गिरणी कामगाराचं महिन्याचं बजेट वाचताना

घरखर्चाच्या इतिहासावर काम करायचं म्हणून कुणी विषय घेतला की पहिली अडचण साधनांची येते. गरीब घरात हिशेबाची वही नसते, आणि असली तरी शंभर वर्षं टिकत नाही. मुंबईपुरतं मात्र आपलं नशीब चांगलं आहे. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने मे १९२१ ते एप्रिल १९२२ या काळात कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. २,४७३ कुटुंबं आणि एकट्याने राहणारे ६०३ पुरुष. जी. फिंडले शिरास यांनी तयार केलेला हा अहवाल १९२३ मध्ये छापला गेला. मुंबईच्या कामगारांवर लिहिणाऱ्याला तो टाळून पुढे जाता येत नाही.

आकडे आधी बघू. कुटुंबात सरासरी ४.२ माणसं, महिन्याचं उत्पन्न ५२ रुपये ४ आणे ६ पै. खर्चाचे ५६.८ टक्के अन्नावर, ९.६ कपड्यांवर, ७.७ भाड्यावर, ७.४ सरपण आणि दिवाबत्तीवर, आणि १८.५ 'इतर'. टक्के समजतात, पण डोळ्यांसमोर काही येत नाही. म्हणून मी आण्यांत मांडून बघते. रुपयाचे सोळा आणे, त्यातले नऊ पोटात गेले. कपड्यांना दीड. भाड्याला सव्वा आणा, सरपण-दिव्याला त्याहून किंचित कमी. उरले तीन.

आता हे वाचून 'काटकसरी संसार' असं लिहायचा मोह होतो. थांबा जरा. भाडं फक्त सव्वा आणा का? त्याच अहवालात उत्तर आहे: ९७ टक्के कुटुंबं एका खोलीत राहत होती. याहून लहान घर घेताच येत नव्हतं. आणि अन्नावर नऊ आणे म्हणजे खाण्यावर सैल हात, असंही नाही. त्यांच्या पोटात जाणारं धान्य तुरुंगाच्या नियमावलीत कैद्याला ठरवून दिलेल्या धान्यापेक्षा कमी होतं, हे सरकारी अहवालच सांगतो. एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये मांडलेला नियम तुम्ही वाचला असेल: उत्पन्न जितकं कमी तितका अन्नावरचा वाटा जास्त. तेच इथे दिसतं. एक रकाना एकटा वाचला की फसगत होते, शेजारचा रकाना लावूनच तो वाचायचा.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते रकान्यांत नाहीच. पगार कधी व्हायचा?

मुंबईच्या गिरण्यांत पगार महिन्याचा, आणि तो पुढच्या महिन्याच्या दहा-पंधरा तारखेला हातात यायचा. म्हणजे एक तारखेला कामावर लागलेल्या माणसाला पहिला पैसा साधारण सहा आठवड्यांनी दिसायचा. तोवर खायचं काय? वाण्याकडे उधारी. पगार झाला की ती फेडायची आणि त्याच दिवशी नवी सुरू करायची. ज्याची वही चालू आहे त्याचं दुकान सोडून दुसरीकडे स्वस्त तांदूळ बघायला जाणार कसं? काटकसर करायची तर आधी हातात रोकड लागते, हे आपण स्कॉलरशिप लांबलेल्या महिन्यात अनुभवतोच.

अहवालाप्रमाणे ४७ टक्के कुटुंबं कर्जात होती आणि कर्ज साधारण अडीच महिन्यांच्या कमाईइतकं होतं. व्याजाचा नेहमीचा दर महिन्याला रुपयामागे एक आणा, म्हणजे वर्षाला ७५ टक्के! हिशेब करून बघा. अडीच महिन्यांची कमाई सुमारे १३० रुपये. या दराने महिन्याचं व्याज १३० आणे, म्हणजे ८ रुपये २ आणे. खोलीचं भाडं होतं चार रुपयांच्या आसपास. म्हणजे अशा घराला खोलीच्या दुप्पट पैसे नुसत्या व्याजाला लागणार, मुद्दल तसंच. हे घर सरासरीत मिसळलं की दिसेनासं होतं. म्हणून तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'सरासरी कामगार कुटुंब' असा शब्दप्रयोग असेल तर गाईड त्यावर बोट ठेवणारच, आणि ठेवावंच.

पगाराच्या तारखेवर कायदा यायला १९३६ साल उजाडलं. हजारापेक्षा कमी कामगार असतील तर सात तारखेच्या आत, नाहीतर दहाच्या आत पगार द्यावा, असं तो सांगत होता. वेतनाच्या इतिहासात आपण दराबद्दल पानंच्या पानं लिहितो आणि तारखेबद्दल एक ओळ. मला हे उलटं वाटतं.

जाता जाता त्या एकट्या पुरुषांबद्दल. गावाकडून आलेले हे लोक बरेचदा खानावळीत जेवत. त्यांच्या बजेटात खानावळ हा खर्च. पण गिरणगावात ती चालवणारी बाई कुणाच्या तरी बजेटात कमाई म्हणून यायला हवी. तिथे तिला शोधा. तिचे जेवणारेही पगार झाल्यावरच पैसे देत, म्हणजे महिनाभराचं धान्य तिने उधारीवर भरायचं. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं तेव्हाही खानावळवाल्या बायकांची अडचण हीच होती: दुकानदार, सावकार आणि व्याज.