घाट, स्टेशन, भोंगा आणि पुणतांब्याचा 'विकास'

गावाचा विकास म्हटलं की आपल्याकडं ठरलेली यादी निघते. स्वागत कमान, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवा, घाटाचं सुशोभीकरण आणि भूमिपूजनाचा फलक. आता तर जिल्ह्यालाच अहिल्यादेवींचं नाव मिळालंय. २०२५ ला त्यांच्या जन्माला ३०० वर्षं झाली, राज्य मंत्रिमंडळाची बैठक थेट चौंडीला भरली. २०२७ ला नाशिकचा सिंहस्थ आहे. म्हणजे गोदाकाठच्या गावांत आराखडा, निधी, पाहणी दौरा हे शब्द पुन्हा ऐकू येणार, आणि पुणतांब्यात तर येणारच. मागायला जायच्या आधी हे गाव आजवर कुणी, कशासाठी आणि कुणाच्या पैशानं उभं केलं, हे एकदा नीट बघू या. पोस्ट लांब आहे. सवडीनं वाचा.

सुरुवात घाटापासूनच करावी लागते. इंग्रजांनी १८८४ साली नगर जिल्ह्याचं गॅझेटियर छापलं, त्यात पुणतांब्याची नोंद आहे. गावात १४ देवळं आणि नदीवर दोन घाट. एक घाट अहिल्याबाई होळकरांनी बांधलेला, दुसरा शिवराम धुमाळ यांनी. देवळांत सगळ्यात मोठं चांगदेवांचं. आपण भाषणात पहिलं नाव घेतो आणि दुसरं विसरतो. पण मला ते दुसरं नाव तितकंच महत्त्वाचं वाटतं. कारण त्या काळी हे गाव एवढं चालतं होतं, की राज्यकर्त्या बाईंच्या घाटाशेजारी आणखी एका माणसाला आपल्या पैशानं दुसरा घाट बांधावासा वाटला. गाव मेलेलं असतं तर दुसरा घाट कुणी कशाला बांधला असता?

अहिल्यादेवींनी १७६७ ते १७९५ असा कारभार केला. काशीपासून रामेश्वरापर्यंत त्यांनी घाट, देवळं, विहिरी, धर्मशाळा बांधल्या, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. त्यातली एक गोष्ट मात्र भाषणात येत नाही. हा पैसा प्रामुख्यानं होळकरांच्या खासगीतला होता, आणि बाई नुसतं बांधून मोकळ्या होत नसत. पूजा, अन्नछत्र, देखभाल यासाठी बऱ्याच ठिकाणी वर्षासनं आणि जमिनी लावून देत. म्हणजे बांधकामाबरोबर ते चालवायची सोयही होई. आजच्या योजनेत बांधकामाला कोटी असतात आणि झाडायला माणूस नसतो. ठेकेदाराचं बिल निघालं की काम 'पूर्ण'.

दक्षिण काशी हे नाव पुणतांब्याला उगाच पडलेलं नाही. योगसामर्थ्याच्या बळावर १४०० वर्षं जगल्याची आख्यायिका असलेल्या आणि शेवटी लहानग्या मुक्ताईला गुरू केलेल्या चांगदेवांची समाधी इथं आहे. गावाच्या नावाची फोडही लोक 'पुण्यस्तंभ' अशी करतात. खरीखोटी भाषातज्ज्ञ जाणोत. पण यात्रा, क्षौर, श्राद्ध, गंगास्नान यावर इथली कितीतरी घरं पिढ्यान्पिढ्या जगली. गोदावरीला आपण नुसतं 'गंगा' म्हणतो, त्यातच सगळं आलं. हे गावाचं पहिलं अर्थकारण.

दुसरं आलं दुष्काळातून. १८७६-७७ च्या दुष्काळात दख्खन होरपळली. धोंड-मनमाड रेल्वेच्या मातीकामावर दुष्काळी मजूर लावले गेले आणि १८७८ साली लाईन सुरू झाली. (धोंड म्हणजे आजचं दौंड.) सव्वादोनशे किलोमीटरहून लांब लाईन, त्यावर राहुरी, बेलापूर, चितळी, पुणतांबा, कोपरगाव, येवला अशी स्टेशनं. आज गाडी वेगात निघून जाते त्या भरावाखाली भाकरीसाठी खडी फोडलेल्या बाया-बापड्यांचे हात आहेत. तिथं एक साधी पाटीसुद्धा नाही. जागतिक वारसा वगैरे दूर राहिलं, आपल्याच लेकरांना हे माहीत नाही.

रेल्वेनं बाजारपेठा उचलल्या आणि दुसरीकडं ठेवल्या. बेलापूरचंच घ्या. प्रवरेकाठचं जुनं, नामांकित गाव. रेल्वे त्याच्यापासून लांबून गेली, तर स्टेशनाभोवती 'बेलापूर रोड' नावाची वस्ती वाढली आणि तिचंच पुढं श्रीरामपूर शहर झालं. स्टेशनाच्या पाटीवर अजूनही बेलापूर आहे, शहर श्रीरामपूर. मग प्रश्न असा, की स्टेशन पुणतांब्यालाही होतं, नदी होती, क्षेत्राचं नाव होतं. श्रीरामपूर झालं, पुणतांब्याचं तसं का झालं नाही?

लोक चटकन म्हणतात, पुढारी नव्हता. मला हे अर्धंच पटतं. दारणा धरण १९१६ ला झालं, नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून गोदावरीचे कालवे निघाले, तिकडं १९२६ ला भंडारदरा झालं आणि प्रवरेचे कालवे भरून वाहू लागले. बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. ऊस आला तसा कारखाना आला. हरेगावला बेलापूर कंपनी, टिळकनगर, साकरवाडी, लक्ष्मीवाडी, आणि आपल्याकडं चांगदेव शुगर मिल. गावाला लागूनच चांगदेवनगर वसलं. भोंगा झाला की चूल पेटायची आणि भोंगा झाला की पाळी सुटायची, असे ते दिवस जुन्या माणसांना विचारा.

पण हे सगळे कारखाने खाजगी. जमीन आपल्याच शेतकऱ्याची, कंपन्यांना खंडानं दिलेली. (म्हणून 'खंडकरी' हा आपल्या भागातला शब्द. बाहेरच्याला समजावून सांगावा लागतो.) १९६१ चा सिलिंगचा कायदा आला, कंपन्यांच्या जमिनी सरकारकडं गेल्या, १९६३ ला शेती महामंडळ झालं, चांगदेवनगरचा मळाही त्यात गेला. खंडकऱ्यांना जमिनी परत मिळायला पुढं जवळपास पन्नास वर्षं गेली. प्रत्यक्ष वाटप २०१२ नंतर. आजोबांनी खंडानं दिलेली जमीन नातवाच्या नावावर आली, तीही ज्याची कागदपत्रं टिकली त्याच्या.

त्याच काळात इथून फार लांब नाही, लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी, धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या साथीनं सहकारी कारखाना उभा केला. १९५० च्या अखेरीस पहिलं गाळप. सहकाराचं पुढं काय झालं यावर स्वतंत्र पोस्ट होईल, भांडणंही होतील. पण एक फरक दिसतो तो दिसतोच. सहकारी कारखान्याच्या भोवती शाळा, कॉलेज, दवाखाना झाला, आणि त्यासाठी भांडायला सभासद होता. खाजगी कारखान्याभोवती कॉलनी झाली, आणि कारखाना बंद पडला तेव्हा भांडायला फक्त थकलेल्या पगाराचा कामगार उरला. चांगदेव मिल बंद पडली. भोंगा थांबला तेव्हा नुसत्या कामगाराची नोकरी गेली नाही. किराणा दुकान, सायकलचं दुकान, शिंपी, खानावळ, शनिवारचा बाजारहाट सगळं एकेक पायरी खाली उतरलं.

शिवाय नकाशा बघा. कोपरगाव, श्रीरामपूर आणि आता राहाता ही तिन्ही तालुक्याची ठिकाणं पुणतांब्यापासून वीसेक किलोमीटरच्या आत-बाहेर. तिन्हींच्या मधे आपण. तहसील नाही, मार्केट कमिटीचं मुख्य आवार नाही. कचेरी जिथं, तिथं वकील, झेरॉक्स, लॉज, बँक, एसटी डेपो. सातबारा काढायला माणूस जातो तिथंच लग्नाचा बस्ता बांधतो. गावं अशीच वाढतात आणि अशीच मागं पडतात. यात फार गूढ काही नाही.

मग शिर्डी. साईबाबा १९१८ ला गेले तेव्हा शिर्डी लहान खेडं होतं आणि पुणतांबा नामांकित क्षेत्र. २००९ ला पुणतांबा ते साईनगर शिर्डी अशी सतराएक किलोमीटरची शाखा लाईन झाली आणि आपण 'जंक्शन' झालो. पेढे वाटले गेले. पुढं १ ऑक्टोबर २०१७ ला काकडीचा विमानतळ सुरू झाला, डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा, फेब्रुवारी २०२३ ला मुंबई-शिर्डी वंदे भारत. वंदे भारत सुरू झाली तेव्हा वाटेतले थांबे होते दादर, ठाणे आणि नाशिकरोड. आपल्या जंक्शनवरून ती जाते, थांबत नाही. जंक्शन म्हणजे रुळांची गाठ. तिथं माणसं उतरतील असं रेल्वेनं कुठं लिहून दिलं होतं?

आणि याच गावानं २०१७ च्या एप्रिलमध्ये ग्रामसभा घेऊन शेतकरी संपाचा ठराव केला. १ जूनला संप सुरू झाला, राज्यभर दूध-भाजीपाला थांबला, आणि त्याच महिन्यात सरकारला कर्जमाफी जाहीर करावी लागली. श्रेय कुणाचं, फूट कुणी पाडली, हे वाद इथं नकोत. सांगायचं एवढंच, की नकाशावर पुणतांबा परत आला तो कुठल्याही कमानीमुळं किंवा शाखा लाईनमुळं नाही. पारावर बसून लोकांनी स्वतः लिहिलेल्या कागदामुळं आला.

आता जरा लांब जाऊ, थेट अमेरिकेत. मॅसॅच्युसेट्स राज्यात लॉवेल नावाचं मध्यम शहर आहे, लाखभर वस्तीचं. नदी, कालवे, रेल्वे, गिरण्या, कंपनीनं बांधलेली कामगारांची घरं. आपली गोष्ट मोठ्या आकारात, आणि ऊसाऐवजी कापूस. १८२० च्या दशकात मेरिमॅक नदीच्या धबधब्याचं पाणी कालव्यांतून फिरवून तिथं कापडगिरण्या चालवल्या गेल्या. १९२० ला वस्ती १ लाख १२ हजारांच्या पुढं. मग मालकांना दक्षिणेत स्वस्त मजूर सापडले, गिरण्या एकामागून एक बंद झाल्या, आणि १९६० ला वस्ती ९२ हजारांवर आली.

त्यांनी आधी काय केलं? आपण करतो तेच. 'जुनं पाडा, नवं येईल.' सरकारी पैशातून मेरिमॅक कंपनीच्या जुन्या गिरण्या आणि कामगारांच्या चाळी पाडल्या. फ्रेंच कॅनेडियन मजुरांची 'लिटल कॅनडा' नावाची सबंध वस्ती साठच्या दशकात सपाट केली. शेजार मोडला, माणसं पांगली. मग पॅट्रिक मोगन नावाचे शिक्षण खात्यातले गृहस्थ उठले आणि म्हणाले, हे कालवे आणि गिरण्या हीच आपल्या पोरांची शाळा आहे. ते वर्षानुवर्षं हेच बोलत राहिले. हळूहळू शहरानं काय काय उरलंय त्याची मोजदाद केली, स्थानिक पुढारी पॉल त्सोंगस यांनी वॉशिंग्टनमध्ये रेटा लावला, आणि १९७८ ला तिथं राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं. उद्यान म्हणजे झाडांचं नाही. चालू शहर, त्यातले कालवे, आणि गिरणीत खडखडणारे माग असलेलं संग्रहालय. बाकीच्या गिरण्यांत घरं, कचेऱ्या आल्या. २०२० ला वस्ती १ लाख १५ हजार.

सगळं गोड झालं असं नाही. मधल्या काळात वँग नावाची संगणक कंपनी तिथं आली, मनोरे बांधले, शहर पुन्हा एकाच कंपनीवर टेकलं, आणि १९९२ ला वँगनं दिवाळं काढलं. जुन्या इमारती नीट केल्या की तिथली भाडी वाढतात आणि गरीब बाहेर ढकलला जातो, हेही अशा शहरांत घडतं. पण वँग गेल्यावरही शहर उभं राहिलं. कारण विद्यापीठ होतं, कंबोडियातून आलेल्या निर्वासितांनी दुकानं थाटली होती, कालवे आणि गिरण्या होत्या. एकच भोंगा नव्हता.

तर ग्रामसभेसाठी माझं म्हणणं, पटलं तर घ्या.

निधी मागायच्या आधी गावानं स्वतः यादी करावी. दोन्ही घाट, कोणत्या घाटाच्या किती पायऱ्या, कुठली मूळ दगडाची, कुठं नंतर काय भरलं. १४ देवळांपैकी आज कोणती कोणती, कुणाच्या ताब्यात. मिलच्या जागेची आणि महामंडळाच्या जमिनीची आजची मालकी, सातबाऱ्यासकट. हे काम हायस्कूलची पोरं आणि दोन-चार निवृत्त शिक्षक एका उन्हाळ्याच्या सुट्टीत करतील. फोनवर फोटो काढायला कुणाची मंजुरी लागत नाही. मिलमध्ये काम केलेली जी माणसं हयात आहेत त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवणं मात्र यंदाच व्हायला हवं, ते पुढच्या वर्षावर टाकता येणार नाही.

घाटाचं काम निघालंच तर अंदाजपत्रकात दोन गोष्टी आधी बघाव्यात. काळ्या दगडावर सिमेंट आणि ऑइलपेंट आहे का? असेल तर विरोध करावा, कारण २०१६ आणि २०१९ सारखा पूर आला की वरचं निघून जातं आणि खालचा दगड खराब झालेला राहतो. दुसरं, देखभालीची रक्कम आहे का, किती वर्षांसाठी आणि कुणाच्या नावावर. वर्षासनाची कल्पना अहिल्यादेवींची, आपण फक्त त्यांचं नाव घेऊन ती परत मागायची.

स्टेशनाबाबत मागणी थांब्याची करावी, सुशोभीकरणाची नाही. शिर्डीला जाणाऱ्या भाविकानं अर्धा दिवस उतरून गंगास्नान आणि चांगदेवांचं दर्शन करावं, असं वाटत असेल तर त्याला उतरायला गाडी थांबली पाहिजे आणि संध्याकाळी परत न्यायला दुसरी असली पाहिजे. स्टेशन ते घाट रस्ता, दोन स्वच्छ स्वच्छतागृहं, बायांना कपडे बदलायला बंदिस्त जागा. एवढ्यावर पहिल्या वर्षी दहा रिक्षा आणि वीस दुकानं चालतील. मोठा आराखडा त्यानंतर येऊ द्या.

मिलच्या जमिनीचा विषय मी मुद्दाम शेवटी ठेवलाय, कारण तिथं खरे पैसे आहेत आणि म्हणून तिथंच सगळ्यात कमी चर्चा होते. शिर्डीच्या बाजूनं जमिनीचे भाव कसे सरकत आलेत ते तुम्ही बघताय. कमानीचा ठराव एकमतानं होतो. या जमिनीवर पुढं काय येणार, हा विषय ग्रामसभेच्या अजेंड्यावर लेखी घ्या आणि हजेरीच्या वहीवर सह्या भरपूर असू द्या.