चॉइसपॉइंट प्रकरण

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील अल्फारेटा येथील ‘चॉइसपॉइंट’ या कंपनीकडून सुमारे 1,63,000 लोकांची खाजगी माहिती भामट्यांच्या हाती गेल्याचे, फेब्रुवारी 2005 मध्ये उजेडात आलेले प्रकरण. इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीतून 1997 मध्ये वेगळी झालेली ही कंपनी विमा कंपन्या, नोकरी देणारे मालक, सरकारी खाती यांना लोकांविषयीची माहिती विकत असे.

इथे कोणी संगणकाचे कुलूप तोडले नव्हते. भामटे रीतसर गिऱ्हाईक म्हणून आले. धंद्याचा पत्ता म्हणून त्यांनी भाड्याची टपालपेटी दाखवली. निरनिराळ्या नावांच्या धंद्यांचे अर्ज बाहेरच्या दुकानांतून फॅक्सने पाठवले. तरी खाती उघडली गेली आणि नावे, जन्मतारखा, सोशल सिक्युरिटी क्रमांक पैसे मोजून मिळाले. किमान 800 जणांच्या नावाने फसवणूक झाली. माहिती गेलेल्यांपैकी बहुतेकांचा या कंपनीशी थेट संबंधच नव्हता. माहिती फुटल्यास संबंधितांना कळवण्याची सक्ती तेव्हा कॅलिफोर्नियाच्या कायद्यात होती, म्हणून पहिली पत्रे तिथल्याच सुमारे 35,000 रहिवाशांना गेली. बाकीच्यांना नंतर, ओरड झाल्यावर. ही दिरंगाई मूळ चुकीइतकीच गंभीर मानली पाहिजे. जानेवारी 2006 मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी नियामक संस्थेशी झालेल्या तडजोडीत कंपनीने 1 कोटी डॉलर दंड आणि पीडितांसाठी 50 लाख डॉलर देण्याचे मान्य केले. 2008 मध्ये ती रीड एल्सव्हिअर या कंपनीने विकत घेऊन आपल्या लेक्सिसनेक्सिस या शाखेत मिळवली.

चॉइसपॉइंटकडे बहुतेकांनी स्वतः माहिती दिली नव्हती; आजच्या चॅटबॉटच्या बाबतीत मात्र ती आपण स्वतःच देतो. आईचा तपासणी अहवाल समजून घ्यायचा, व्हिसाचे पत्र सुधारून घ्यायचे, की पासपोर्ट क्रमांकासकट सगळा कागद चिकटवला जातो. उत्तर आपुलकीच्या सुरात येते, म्हणून भरवसा बसतो. पण वकिलाला किंवा डॉक्टरला सांगितलेल्या गोष्टीला कायद्याचे जे संरक्षण आहे, ते या संभाषणाला नाही, हे चॅटजीपीटी हा चॅटबॉट बनवणाऱ्या ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनीच जुलै 2025 मध्ये सांगितले. त्याआधी मे महिन्यात, न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्राने ओपनएआयवर लावलेल्या दाव्यात न्यायालयाने चॅटजीपीटीवरील पुसलेली संभाषणेही राखून ठेवण्याचा आदेश दिला होता. तो आदेश काही महिने लागू होता. नाव, क्रमांक, पत्ता खोडून फक्त अडलेला मजकूर दिला तरी बहुतेक कामे होतात. भारतात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 मध्ये संमत झाला. माहिती फुटली तर संबंधित व्यक्तीला कळवण्याची तरतूद त्यात आहे.