विजेरीचा खटका: पोटावरून शेपटीकडे

आज विषय लहान आहे. विजेरीचा खटका. खेड्यापाड्यांत आपण विजेरीला सरळ ‘बॅटरी’ म्हणतो आणि आत घालतो ते ‘सेल’. ती बंद पडली की पहिला संशय सेलवर, दुसरा दिव्यावर. खटक्याची चौकशी कुणी करत नाही. आणि केलीच तर सुरी खुपसून. खटका न मोडता उघडायचा असेल, तर तो आज जिथे आहे तिथे कसा आला हे आधी समजून घ्यावं, असं आमचं म्हणणं आहे.

न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या डेव्हिड मिसेल या इंग्रज संशोधकाला नळीच्या विजेरीचं पेटंट मिळालं ते १० जानेवारी १८९९ रोजी. ते गेलं कॉनरॅड ह्यूबर्ट यांच्या कंपनीकडे. तीच पुढची एव्हररेडी. ह्यूबर्ट मिन्स्कहून आलेले स्थलांतरित. नळी होती कागदाची. कागदातून वीज वाहत नाही, म्हणजे तिला वेगळी धातूची वाट हवी, आणि ती वाट जोडणारा खटका नळीच्या पोटावर. सेल इतके दुबळे आणि कार्बनच्या तारेचा दिवा इतका खादाड, की उजेड सलग टिकायचा नाही. क्षणभर दाबायचं, सोडायचं, सेलला विसावा द्यायचा. म्हणून अमेरिकेत नाव पडलं ‘फ्लॅशलाइट’. इंग्रज ‘टॉर्च’ म्हणत राहिले, आणि आपण त्यांचे विद्यार्थी!

पुढे नळ्या धातूच्या झाल्या. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियात अँथनी मॅग्लिका यांची ॲल्युमिनियमची मॅगलाइट आली. मोठ्या मॅगलाइटचा खटका अजून पोटावरच. त्याच्या रबरी टोपणाखाली एक षट्कोनी खाचेचा स्क्रू दडलेला असतो, तो ठाऊक नसला की माणूस उगाच बळ लावतो. शेपटीकडचा खटका रुळवण्यात मोठा वाटा शुअरफायर विजेऱ्यांचा. पोलिसाने मुठीत धरली की अंगठा आपोआप मागच्या टोकावर येतो. सुरुवातीच्या ‘सिक्स पी’मध्ये शेपटी दाबली तर क्षणभर उजेड, पिळली तर कायमचा.

पण शेपटीकडे गेल्यावर एक गोष्ट बदलते, आणि उघडणाऱ्याचं सगळं नशीब तिथे आहे. आता विजेरीचं अंग हीच तार. सेलच्या मागच्या टोकाकडून स्प्रिंग, तिथून खटका, मग दोन भोकांचं किंवा दोन खाचांचं धातूचं कडं, त्यातून शेपटीचं टोपण आणि मग नळी. कडं नुसतं भाग धरून ठेवत नाही, वीजही नेतं. ते सैल झालं की उजेड लुकलुकतो आणि लोक म्हणतात, खटका गेला.

म्हणून आधी परीक्षा. टोपण काढा, सेल आत राहू द्या. तारेच्या तुकड्याने सेलचं मागचं टोक आणि नळीची रंग नसलेली कडा क्षणभर जोडा. दिवा लागला तर दोष टोपणात. मग कड्याच्या दोन्ही भोकांत अणकुचीदार चिमट्याची किंवा सर्क्लिप पकडीची टोकं एकदम टेकवा आणि घड्याळाच्या दिशेने आवळून बघा. बऱ्याच वेळा काम इथेच संपतं.

नाहीच, तर उलट फिरवा. काहींचे आटे उलटे असतात. हलत नसेल तर जोर वाढवू नका, दुसऱ्या दिशेने हलकेच बघा. एकाच भोकात स्क्रू-ड्रायव्हर घालून ठोकणं नको. तो घसरतो आणि खालच्या चकतीवरचा तांब्याचा थर खरवडतो. स्प्रिंगला धरून ओढणंही नको, ती चकतीला डाखलेली असते. कडं नसेल, सगळं दाबून बसवलेलं असेल, तर बाहेरच्या रबराच्या बाजूने लाकडी दांडीने दाबावं.

मिलिंद राजाला नागसेनाने रथ असाच सुटा करून दाखवला होता: चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? पण त्याने तो शब्दांत सोडवला, जोडायची वेळ त्याच्यावर आली नाही. आपल्यावर येते. म्हणून निघालेला प्रत्येक भाग कागदावर क्रमाने मांडा. परत बसवताना आधी रबर, मग प्लॅस्टिकची चकती असल्यास ती, त्यावर स्प्रिंगसह खटका, शेवटी कडं. आटे आणि नळीची कडा कापडाने पुसा, मगच टोपण लावा.