माणच्या नांवामागचें मानपुर

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेस माण हा तालुका आहे. तुटपुंजा पाऊस, उघडेबोडके डोंगर आणि बहुधा कोरडी राहणारी माणगंगा, एवढीच त्याची ओळख सामान्यतः लोकांस असते. याच मुलखांत सुमारें दीड हजार वर्षांपूर्वीं एका राजकुलाची राजधानी होती, असें संशोधक वा. वि. मिराशी यांनीं प्रतिपादिलें. हा सिद्धांत कशावर उभा आहे?

राष्ट्रकूट म्हटलें कीं मान्यखेट आणि वेरूळचें कैलास लेणें आठवतें. त्यांच्याहि पूर्वीं राष्ट्रकूट हेंच नांव सांगणारें एक लहान घराणें होऊन गेलें. त्याची माहिती मुख्यतः मोजक्या ताम्रपटांवरून मिळते. अभिमन्यु राजाच्या ताम्रपटांत मानांक, देवराज, भविष्य व अभिमन्यु अशा चार पिढ्या दिल्या आहेत. मानपुरांत राहणाऱ्या या राजानें उंडिकवाटिका हें गांव दक्षिणशिवाच्या सेवेस दिलें. देवराजाचा दुसरा पुत्र अविधेय याच्या ताम्रपटांत पांडरंगपल्लि गांवाचें दान असून मानांकास कुंतलांचा शास्ता म्हटलें आहे.

अडचण येथूनच सुरू होते. अभिमन्यूच्या पटावर वर्षच नाहीं. अक्षरांच्या वळणावरून काळ ठरवावा लागतो. कांहीं पंडित तो सातव्या शतकांतला मानतात, तर मिराशी मानांकास चौथ्या शतकाच्या उत्तरार्धांत नेतात. मानपुर कोठलें, याविषयींहि असाच मतभेद. कित्येकांनीं तें मध्य हिंदुस्थानांत शोधलें. मिराशींचा युक्तिवाद असा कीं, कुंतल म्हणजे कृष्णेच्या वरच्या खोऱ्याचा प्रदेश, मानपुर म्हणजे माण आणि पांडरंगपल्लि म्हणजे पंढरपूर. माणगंगा पुढें पंढरपूर तालुक्यांतच भीमेस मिळते, हें ध्यानांत घेतां या जुळणीस बळ येतें.

तरीहि सावधपणा हवा. माण या शब्दाशीं मिळतीं नांवें देशांत अनेक आहेत. ताम्रपट हलके असतात व हातोहात दूर जातात. ‘कुंतलांचा शास्ता’ ही दरबारी स्तुति असूं शकते. शिवाय तें दान गांवाचें आहे. केवळ त्या नांवावरून विठ्ठलाच्या देवळाचें वय ठरत नाहीं. भक्तीला पुराव्याची गरज नसते, इतिहासाला मात्र असते.

म्हणून मिराशींचें मत आजच्या पुराव्यांत संभाव्य म्हणून स्वीकारावें, सिद्ध म्हणून नव्हे. गांवाचें नांव हा साक्षीदार खरा. परंतु एकट्या साक्षीदारावर निवाडा होत नाहीं.