तीन मलकापुरं, सहा आकडे

महाराष्ट्रात मलकापूर नावाची बऱ्यापैकी मोठी गावं तीन आहेत. एक बुलढाणा जिल्ह्यात, भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या रेल्वेवर. दुसरं कोल्हापूर जिल्ह्यात, शाहूवाडी तालुक्यात, आंबा घाटाच्या वाटेवर. आणि तिसरं आमचं. सातारा जिल्ह्यात, कराडला अगदी खेटून, पुणे-बंगळूर हमरस्त्याच्या अंगाने पसरलेलं. पैकी रेल्वेवाल्या मलकापूरचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, कारण रात्री-अपरात्री गाडी तिथे थांबते आणि चहावाला झोपमोड करतो. आमच्याकडे रेल्वे नाही. खुद्द कराडचं स्टेशन कराडात नाही, ते ओगलेवाडीला आहे. तेव्हा आमचं काय घेऊन बसलात! ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, नगरपंचायतीची नगरपरिषद झाली, चोवीस तास नळाला पाणी देणारं गाव म्हणून दिल्लीपर्यंत बोलबाला झाला, तरी ओळख करून देताना 'मलकापूर, म्हणजे कराडजवळचं' असंच सांगावं लागतं. आपण आपणच आहोत हे पटवून देण्याची सवय म्हणूनच आम्हाला इतरांपेक्षा आधी लागली.

एका नावाची अनेक गावं आणि दहा-बारा लिप्यांतले पत्ते, या भानगडीवर तोड काढली ती एका मराठी माणसाने. श्रीराम भिकाजी वेलणकर हे पोस्ट-तार खात्यातले वरिष्ठ अधिकारी, आणि त्यातून संस्कृतचे पंडित, संस्कृतात काव्यं लिहिणारे. सरकारी नोकरीत कवी शिरला की नुकसान नोकरीचं होतं की काव्याचं, एवढाच आपल्याकडे प्रश्न असतो. वेलणकरांनी दोन्ही सांभाळून वर देशाला पिनकोड दिला. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला. सहा आकडे. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा जिल्ह्याचा, शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. बुलढाण्याचं मलकापूर ४४३१०१ झालं, शाहूवाडीचं ४१५१०१ झालं आणि कराडला मिळाला ४१५११०. आता जरा नीट बघा. शाहूवाडीचं मलकापूर आणि आमचं कराड यांत फरक काय, तर शेवटच्या दोन आकड्यांची अदलाबदल! घाईघाईत पत्ता लिहिणाऱ्या माणसाला यापेक्षा सुंदर सापळा कुणी लावला नसेल. पुढे आमच्या मलकापूरसाठी ४१५५३९ आला आणि ही धास्ती बरीच कमी झाली.

पण माणसाला आकडा चिकटला नव्हता, गावालाच चिकटला होता. माणूस अजून तोंडावरून ओळखायचा काळ होता. मनिऑर्डर आली की पोस्टमन पैसे मोजायच्या आधी चेहरा बघायचा, आणि अंगठा उठवणारी म्हातारी असेल तर शेजारच्या घरातून साक्षीदार बोलवायचा. साक्षीदार यायचा, चहा व्हायचा, पैसे कुणी पाठवले, किती पाठवले आणि मागच्या महिन्यात का पाठवले नव्हते याची चर्चा व्हायची, आणि मग रक्कम हातात पडायची. गुप्तता म्हणाल तर शून्य. पण त्या म्हातारीचे पैसे दुसऱ्याने उचलायचे म्हणजे आधी सगळी आळी फितवावी लागली असती.

टेलिफोनचंही तेच. आमच्या थोरल्या तात्यांना मुंबईच्या मुलाशी बोलायचं असलं की ट्रंक कॉल नोंदवायचा आणि दिवसभर गावातल्या एकुलत्या फोनशेजारी बसून राहायचं. कॉलच्या तीन जाती होत्या : ऑर्डिनरी, अर्जंट आणि लायटनिंग. अर्जंटला दुप्पट पैसे, लायटनिंगला आठपट. लायटनिंग म्हणजे वीज. पण ती वीज आकाशातली नसून आमच्या वीज मंडळाच्या जातीची असे, कधी यायची आणि कधी यायची नाही. लागला एकदाचा कॉल, की तात्या इतक्या मोठ्याने ओरडायचे की मुलाला तो आवाज तारेशिवायही पोचला असता. त्या आवाजात मुलगा कोण आणि मुलाच्या नावाने बोलणारा दुसरा कोण, हे तात्यांना कळणं अशक्य. पण एक्स्चेंजमधली ऑपरेटरबाई मधे ऐकत असायची. तिला सगळं ठाऊक. "तात्या, आज तुमच्या बाबूचा घसा बसलाय वाटतं," असं तीच सांगायची. हे खासगी संभाषणावर अतिक्रमण होतं हे आम्हाला फार पुढे, इंग्रजी वर्तमानपत्रं वाचायला लागल्यावर समजलं.

देशात एसटीडी १९६० साली लखनौ आणि कानपूरमध्ये सुरू झालं, पण आमच्या बाजूला ते पोचेपर्यंत निम्म्या मुलांची लग्नं होऊन गेली होती. मग ऐंशीच्या दशकाच्या शेवटी पिवळ्या पाट्यांचे बूथ आले. ढेबेवाडी फाट्यावरच्या बूथमध्ये रात्री उशिरा, दर उतरले की, जत्रेसारखी रांग लागायची. ऑपरेटरबाई गेली आणि तिच्या जागी लाल आकड्यांचं मीटर आलं. माणसं पहिल्यांदाच एकांतात बोलू लागली. पण मीटरकडे बघत बोलायचं, तेव्हा एकांताचा फारसा उपयोग कुणाला झाला नाही.

बँकेत तर ओळखीवरच सगळं चाले. पितळी टोकन घेऊन बाकावर बसायचं, लेजर उघडलं जायचं, आणि विथड्रॉलच्या सहीशी नमुन्याची सही ताडून बघायची. तात्यांचा हात उतारवयात कापायला लागला आणि सही जुळेना. कारकुनाने काय करावं? नमुन्याच्या सहीचं कार्ड काढून तात्यांच्या पुढे ठेवलं आणि म्हणाला, "तात्या, अगदी ह्याच्यासारखी करा." सुरक्षेची इतकी माणुसकी असलेली व्यवस्था मी पुढे पाहिली नाही.

यंत्रात ती माणुसकी कुठून येणार? लंडनजवळच्या एन्फिल्डमध्ये २७ जून १९६७ रोजी पैसे देणारं पहिलं यंत्र बसलं, ते जॉन शेफर्ड-बॅरन या गृहस्थाचं. गृहस्थ जन्माने आपल्या शिलाँगचा. त्याच्या मनात गुप्त आकडा सहा अंकी ठेवायचा होता. स्वयंपाकघरात बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, मला चारच लक्षात राहतात. झालं! अर्ध्या जगाच्या कार्डांना चार अंकी पिन चिकटला. भारतात पहिलं एटीएम १९८७ साली मुंबईत आलं. आमच्या बाजूला पोचल्यावर लोकांनी तो चार अंकी पिन लक्षात ठेवण्याचा त्रासही वाचवला. कार्डाच्या पाकिटावरच पेनाने लिहून ठेवला. वेलणकरांचा पिन पत्त्यावर लिहायचा आणि हा पिन कुठेच लिहायचा नाही, हा फरक कुणी समजावून सांगितलाच नव्हता.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, एकूण पूर्वीचं बरं होतं, सगळे ओळखीचे होते, फसवणूक नव्हती. हे वाक्य मी कट्ट्यावर रोज ऐकतो आणि रोज मला १९९२ साल आठवतं.

त्या वर्षी २३ एप्रिलला सुचेता दलाल यांनी टाइम्स ऑफ इंडियात हर्षद मेहताचं प्रकरण बाहेर काढलं आणि पाठोपाठ देशभरच्या वर्तमानपत्रांत आमच्या कराडचं नाव झळकलं. यशवंतरावांच्या नंतर कराडचं नाव इतक्या वेळा छापून आलं ते तेव्हाच. प्रकरण होतं बँक ऑफ कराडचं. सरकारी रोखे कोणाच्या मालकीचे, ह्याची नोंद रिझर्व्ह बँकेच्या कचेरीत हाताने खतावणीत व्हायची, आणि तिला वेळ लागायचा. तोवर काय करायचं? तर रोखे विकणारी बँक घेणाऱ्या बँकेला एक पावती द्यायची, बँक रिसीट. तिचा अर्थ एवढाच की, 'माल येतोय, तोवर ही चिठ्ठी ठेवा.' कराडच्या मंडईत अशा चिठ्ठीवर कुणी मेथीची जुडी देणार नाही. मुंबईत मात्र तिच्यावर कोटी कोटी रुपये मिळत. बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँक या दोघींच्या अशा पावत्या बाजारात फिरल्या, ज्यांच्यामागे रोखे नव्हतेच. जानकीरामन समितीने हिशेब मांडला तेव्हा एकूण घोटाळा ४,००० कोटींच्या घरात गेला. बँक ऑफ कराड त्याच वर्षी बुडीत निघाली आणि १९९४ साली बँक ऑफ इंडियाकडे गेली.

ह्यात कुठे संगणक नव्हता. लिंक नव्हती, ओटीपी नव्हता. कागद, पेन आणि रबरी शिक्का. आणि काउंटरवर बसलेली माणसं ओळखीची होती. पासबुक घेऊन दारात उभ्या राहिलेल्यांना कारकून नावाने हाक मारत होते. पैसे कधी मिळतील, हे मात्र त्या कारकुनालाही माहीत नव्हतं. चेहरा पाठ असल्याने हिशेब पाठ होत नाही, हे त्या उन्हात उभं राहून लोक शिकले.

तरी त्यांच्या मागे एक आधार होता, ठेव विम्याचा. १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, म्हणून १९६२ पासून हा विमा आला. सुरुवातीला ठेवीदारामागे १,५०० रुपयांचा. १९९२ साली ही मर्यादा ३०,००० होती, पुढच्या वर्षी ती १ लाख झाली आणि मग तब्बल सत्तावीस वर्षं कुणी तिच्याकडे वळून पाहिलं नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये ती ५ लाख झाली आणि दहाच महिन्यांनी, डिसेंबरात, कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रद्द झाला. ९९ टक्क्यांहून जास्त ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळेल असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं. मर्यादा एक लाखाचीच राहिली असती तर काय, हा विचार आमच्या बाजूच्या पुष्कळ घरांनी त्या रात्री केला असणार. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न, १९३६ सालची, अण्णासाहेब चिरमुल्यांनी उभारलेली, तीही २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये गेलीच. तेव्हा ओळखीच्या बँकेचं कौतुक जरा बेतानेच केलेलं बरं.

मला या सगळ्यात एकच गोष्ट खरी महत्त्वाची वाटते, ती म्हणजे वेळ. पूर्वी कुलूप कुठलंच मजबूत नव्हतं. वेळ लागायचा, एवढंच. ट्रंक कॉल लागेपर्यंत राग शांत व्हायचा, मनिऑर्डर पोचेपर्यंत तार येऊन खरं-खोटं कळायचं, चेक वटेपर्यंत बायको "कशाला दिलात?" असं विचारून घ्यायची. लहान माणसाला त्या दिरंगाईने वाचवलं. आणि त्याच दिरंगाईच्या पोटात, खतावणीतली नोंद होईपर्यंतच्या त्या फटीत, १९९२ च्या मोठ्या लोकांनी आपलं काम साधलं. म्हणून दिरंगाई गेली याचं दुःख करावं की आनंद मानावा, हे माझं अजून ठरत नाही.

गेली मात्र पूर्णपणे. ऑगस्ट २००९ पासून कार्डाने ऑनलाइन खरेदी करताना दुसरी खूण द्यावी लागू लागली. तिचंच पुढे घरोघरी ओटीपी हे नाव झालं. पुन्हा सहा आकडे! वेलणकरांचे सहा आकडे जन्मभर पुरतात, हे दहा मिनिटांत शिळे होतात. २०१६ मध्ये एप्रिलात यूपीआय आलं, नोव्हेंबरात नोटबंदी आली, आणि फाट्यावरच्या वडापाववाल्याच्या गाडीला चौकोनी ठिपक्यांची पाटी लागली. पैसे पोचल्याचं एक डबा मोठ्याने सांगतो. ऑपरेटरबाईची आठवण येते. पण डबा फक्त रक्कम सांगतो, घसा बसलाय हे सांगत नाही.

आमच्या आळीतल्या एका निवृत्त मास्तरांना व्हिडिओवर गणवेशातला एक माणूस दिसला. त्याने सांगितलं, तुम्ही अटकेत आहात, घराबाहेर पडायचं नाही, फोन बंद करायचा नाही, कुणाला सांगायचं नाही. अशी फोनवरची अटक कायद्यात नाही. पण मास्तरांनी चाळीस वर्षं पोरांना 'वरिष्ठांचं ऐकावं' हेच शिकवलं होतं. ग्रॅच्युइटीची रक्कम एका दुपारी गेली. शेजारी भिंतीपलीकडे आम्ही टीव्ही बघत होतो. त्यांना हाक मारावीशी वाटली नाही, कारण 'कुणाला सांगायचं नाही' ही पहिलीच अट होती. आळी फितवायची गरज चोराला आता उरली नाही. तिला बाहेर ठेवलं की झालं. १९३० या नंबरवर लगेच कळवलं तर पैसे वाटेत अडवता येतात, हे आम्ही त्यांना दुसऱ्या दिवशी सांगितलं. मास्तर अजून फिरायला जाताना आमच्या दारावरून जात नाहीत, मागल्या बोळातून जातात.

आमच्या आत्यांना असाच फोन आला. बँकेतून बोलतोय, खातं बंद होणार आहे, आलेला नंबर सांगा. आत्या ऐंशीच्या घरातल्या, कानाने जरा कमी, पण चौकशीला पक्क्या.

"कुठल्या शाखेतनं बोलताय म्हणे?"

"मलकापूर शाखा, मॅडम."

"कुठलं मलकापूर? तीन हायती."

पलीकडे जरा शांतता पसरली. मग तो अगदी खात्रीने म्हणाला, "मॅडम, रेल्वे स्टेशनजवळची शाखा."

आत्यांनी त्याला तिकडच्या पाऊसपाण्याची चौकशी केली आणि फोन ठेवला. ह्या दोन प्रश्नांपुढे सहा आकड्यांची गरज पडली नाही.

आता बँकांनाही दिरंगाईची आठवण येऊ लागलेली दिसते. नव्या माणसाचं खातं जोडलं की पुष्कळ बँका पहिले काही तास, कुठे पुरा दिवस, मोठी रक्कम जाऊ देत नाहीत. त्याला कूलिंग पिरियड म्हणतात. परवा आत्यांना नातवाच्या फीचे पैसे पाठवायचे होते. मी त्यांच्या फोनवर त्याचं खातं जोडलं आणि सांगितलं, "आत्या, पैसे आज जाणार नाहीत, उद्या दुपारनंतर जातील."

आत्या म्हणाल्या, "मग आठपट पैसे भर आनि लायटनिंग लाव की!"